आढळ

पक्ष्यांच्या पुस्तकातले नकाशे मी रंगवते.
नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला.
वीण जिथे होते तिथे पिवळा.
हिवाळा काढतो तिथे निळा.
जाता-येता नुसता टेकतो, तिथे हिरवी रेघ.
कावळ्याचं काम पाच मिनिटांत होतं,
तो कुठे जातच नाही.

काल एकशे बेचाळीसावं पान आलं.
बारीक चोचीचा कोरल.
समासात वैशंपायनांची पेन्सिल: नामशेष. रंग विचारून घेणे.
मी विचारलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

वीण: सैबेरिया. तारा नावाच्या गावाजवळची दलदल.
शंभर वर्षांपूर्वी कुणी तिथे घरटी पाहिली,
लिहून ठेवलं,
नंतर कुणालाच दिसली नाहीत.
अलीकडे म्हणे जुन्या कातड्यांवरची पिसं तपासली,
तर, छे, पार दक्षिणेला असणार, कझाकांच्या गवतात.
पिवळा मग ओतू कुठे?

हिवाळा: मोरोक्को, समुद्राकाठचं एक खाजण.
पंचाण्णवच्या फेब्रुवारीत तिथे शेवटचा.
त्या फेब्रुवारीत मी बार्शीला सातवीत होते,
भूगोलाच्या वहीत नद्यांना निळं करत.

आणि वाट तिरकी.
बाकीचे तिकडून सरळ खाली येतात,
उजनीला, कवडीला, आपल्या गाळात.
हा पश्चिमेला वळायचा,
काळा समुद्र, हंगेरीची ओली कुरणं.
पुणं त्याच्या वाटेवर कधी नव्हतंच.
चला, एवढं एक तरी आपल्या खात्यावर नाही,
म्हणून मी ब्रश मगात बुडवला.
पाणी काही नितळ झालं नाही.

दुपारी तहसील. पोरीच्या ॲडमिशनसाठी
अधिवासाचा दाखला.
खिडकीतला म्हणाला, पंधरा वर्षांचा पुरावा.
मी भाड्याचे करार मांडले, अकरा-अकरा महिन्यांचे:
धायरी, वडगाव, पुन्हा धायरी, फुरसुंगी, मांजरी.
मधल्या दोन वर्षांचा कागद नाही.
तेव्हा कुठे होता?
इथंच होतो की.
दाखवा.

रविवारी उजाडता कवडीपाटला गेले.
नदीवर फेस, जणू कुणी अख्ख्या शहराचे कपडे
भिजवून विसरून गेलंय.
बंधाऱ्याच्या खाली शेकाटे, लांब तांबडे पाय,
त्या पाण्यात शहाण्यासारखे उभे.
दोन चक्रवाक, एकमेकांकडे पाठ करून.
थर्माकोलच्या तराफ्यावर बबन परदेशी जाळं आवरत होता,
जाळ्यात चिलापी आणि एक चप्पल.

मोबाइलवरचं चित्र दाखवलं.
मातकट अंग, वाकडी चोच, कुशीवर ठिपके, बदामासारखे.
त्याने ओला अंगठा पँटला पुसला,
चित्र मोठं करून बघितलं.
नाही बा. असला नाही आला इकडं.
मग म्हणाला, कुणाचा आहे?

मला पटकन सुचेना.
कुणाचा नाही, म्हटलं.
हरवलाय का?
हो.
मग नंबर देऊन ठेवा. आला तर सांगतो.
मी दिला. त्याने नाव विचारलं नाही,
नंबरापुढे काहीतरी टाइप केलं,
मला वाचता आलं नाही.

सोमवारी मगातलं पाणी तसंच होतं.
पिवळा, निळा, हिरवा, आठवड्याभराचा,
तळाशी गाळाच्या रंगाचं झालेलं.
तेच घेतलं.
ताराच्या दलदलीपासून खाजणापर्यंत
एक पातळ, तिरका ओघळ.
कडा आखल्या नाहीत.
वैशंपायन म्हणाले, हे बरंय,
पण रंगसूचीत यापुढे काय लिहायचं?
ती चौकट अजून मोकळी आहे.

रात्री पावणेबाराला अनोळखी नंबर.
उचलेपर्यंत तुटला.
परत लावला, तर एक बाई
अगदी शांतपणे सांगत होती
की ज्याला मी फोन करतेय
तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.